जिलेटिनच्या ठोकळ्यावरून काय कळते?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर एका शेतावर जाऊन जिलेटिनच्या ठोकळ्यांवर नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलातून गोळ्या झाडतो आणि गोळी किती फुलली, म्हणजे आत शिरताना किती रुंद झाली, आणि किती खोल गेली, याच्या नोंदी वहीत ठेवतो. त्याने पाठवलेल्या चित्रफितीत काचेसारखा स्वच्छ ठोकळा दिसतो आणि गोळी शिरताना आत क्षणभर जाळही दिसतो. या उद्योगाला शास्त्रीय अर्थ आहे, की ही नुसती हौस? – एक वाचक, सांगली

उत्तर : अर्थ आहे, मात्र तो गोळीपेक्षा ठोकळा करणाऱ्याच्या शिस्तीवर जास्त अवलंबून आहे. जिलेटिनचा ठोकळा म्हणजे मानवी शरीराची प्रतिकृती नव्हे. त्यात हाडे नाहीत, फुप्फुसे नाहीत, कातडीही नाही. तो एक मापदंड आहे, आणि मापदंडाचा पहिला गुण म्हणजे तो सगळीकडे सारखा असणे. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत दहा टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सियसवर ठेवून त्यातील गोळीचा प्रवास डुकराच्या स्नायूंतील प्रवासाशी ताडून पाहिला, आणि दोन्ही बऱ्यापैकी जुळले. हौशी लोक आज जे करतात त्याचा पाया तो आहे.

हा ठोकळा घरी करता येतो, पण त्यात घाई चालत नाही. एक भाग भुकटी आणि नऊ भाग पाणी, तेही वाटीच्या मापाने नव्हे तर वजनाने घ्यावे लागते. भुकटी थंड पाण्यात भिजवून मग मंद आचेवर विरघळवतात आणि मिश्रण ४० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, कारण फार तापलेले जिलेटिन नंतर कितीही थंड केले तरी पूर्वीइतके घट्ट धरत नाही. फेस बसावा म्हणून काही जण त्यात दालचिनीच्या तेलाचे थेंब टाकतात, त्यामुळे मसालेभात शिजत असल्यासारखा वास घरभर सुटतो. साच्यात ओतलेला ठोकळा दीड-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्यावर तो कामाचा होतो. टेक्सासच्या उन्हात मात्र तो फार वेळ कामाचा राहत नाही.

एवढे करूनही ठोकळा बरोबर जमला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी छर्ऱ्याच्या बंदुकीतून साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने त्यात मारतात. तो साधारण ८.५ सेंटिमीटर, फार तर एक सेंटिमीटर कमी-जास्त, आत गेला तर ठोकळा प्रमाण मानावा. छर्रा १२ सेंटिमीटर शिरला असेल, तर पुढच्या गोळीची खोली कितीही काळजीपूर्वक मोजली तरी तो आकडा निरर्थक आहे. आपल्या भाच्याला एवढेच विचारावे, की वहीत छर्ऱ्याचा रकाना आहे का. बहुतेक हौशी चित्रफितींत नेमका तोच नसतो.

चित्रफितीतील स्वच्छ ठोकळा जिलेटिनचा नसून खनिज तेलापासून केलेल्या कृत्रिम पदार्थाचा असावा. तो फ्रिजमध्ये ठेवावा लागत नाही, वितळवून पुन्हा वापरता येतो, आणि आरपार दिसत असल्यामुळे कॅमेऱ्याला आवडतो. आतला जाळ म्हणजे गोळीमागच्या पोकळीत तेलाच्या वाफेने घेतलेला पेट. जखमेशी त्याचा संबंध नाही. या पदार्थात गोळी पुष्कळदा कमी फुलते आणि जास्त खोल जाते, म्हणून त्यातले आकडे खऱ्या जिलेटिनच्या आकड्यांशेजारी मांडणे चूक आहे. दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून रांगेत ठेवण्याची युक्ती स्वस्त आहे आणि गोळी फुलते की नाही हे तीवरून समजते, पण पाण्यात गोळी जिलेटिनपेक्षा बरीच लांब जाते.

फुललेली गोळी छायाचित्रात कमळासारखी दिसते आणि हौशी माणूस तिच्यावरच भाळतो. टोकाशी पोकळ असलेल्या गोळीत ओलसर पदार्थ दाबाने घुसला की तिचे कडे बाहेर वळते आणि नऊ मिलिमीटरची गोळी पंधराच्या आसपास रुंद होते. मात्र जितकी रुंद, तितकी ती लवकर थांबते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीत एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेलेली नऊ मिलिमीटरची गोळी व्यवस्थित फुलली, पण हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्या दिवशी एफबीआयचे दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. पुढे त्या संस्थेने चाचण्यांची पद्धत ठरवली आणि गोळी किमान ३०, शक्यतो ४५ सेंटिमीटरपर्यंत शिरावी असा दंडक घातला. गोळीला आधी दंड, जाड कपडे किंवा मोटारीची काच भेदावी लागू शकते, हा धडा त्यामागे आहे.

कापडाचा मुद्दा भाच्याला जरूर कळवावा. ठोकळ्यावर डेनिमचे चार थर लावले, की काही गोळ्यांच्या पोकळीत कापडाचा बोळा बसतो, त्या फुलतच नाहीत आणि साध्या गोळीसारख्या ६० सेंटिमीटरच्याही पुढे जातात. उघड्या ठोकळ्यावर उत्तम ठरलेली गोळी येथे नापास होते. शेवटी गोळी बाहेर काढून तिचे वजनही करावे, म्हणजे किती तुकडे उडाले ते कळते. अमेरिकेत गोळीचे वजन ग्रेन या एककात देतात. आपल्या सोनाराची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची, आणि १२४ ग्रेनांची गोळी म्हणजे आठ ग्रॅम.

प्रश्न : फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी आहे ना? मग त्या अमेरिकेत दुकानात कशा मिळतात? – एक वाचक, पणजी

उत्तर : १८९९च्या हेग येथील घोषणेने शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांना मनाई केली, पण ती मनाई घोषणा स्वीकारणाऱ्या राष्ट्रांमधील युद्धापुरती होती, आणि अमेरिकेने ती घोषणा स्वीकारलीच नाही. तो वाद पेटला तो आपल्याकडच्या गोळीवरून : कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९०च्या दशकात मऊ टोकाची गोळी तयार झाली आणि ‘दमदम’ हे गावाचे नाव जगभर तिलाच चिकटले. पोलीस आणि नागरिक यांच्याबाबत युक्तिवाद उलटा केला जातो. फुललेली गोळी शरीरात थांबते, तर न फुललेली आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या भलत्यालाच लागू शकते.