पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिताय? एवढं सांभाळा

कुमारांसाठी लिहिताय, फार छान! राजाला नायक करू नका. त्याच्या पागेत घोड्याला खरारा करणारा १४ वर्षांचा पोरगा घ्या. लढाईचा निकाल वाचकाला ठाऊक असतो, त्या पोराचं काय होणार ते नसतं.

सुरुवातीच्या हमखास चुका:

- जमवलेली सगळी माहिती पानावर ओतणं.
- बोजड संवाद. पोरं पुस्तक मिटतात.
- वस्तूंचा काळ न तपासणं. घासून पेटणारी काडी विकायला आली १८२७ साली. त्याआधीच्या कथेत दिवा लावायचा तर चकमक झाडा, नाहीतर राखेतला निखारा फुंका. त्या फुंकरीतच प्रसंग जिवंत होतो!

सनावळ्यांचं नंतर बघू. आधी एकच प्रसंग लिहून एखाद्या १३ वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे चुळबुळेल, तिथे खूण करा.