एम.एस्सी. प्रकल्पासाठी मेटामटेरियलचे (सूक्ष्म रचनेमुळे प्रकाशाला हवे तसे हाताळणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे) सिलिकॉन कण कॉलेजच्या बॉल मिलमध्ये बनवता येतील का? (कोल्हापूर)

बॉल मिलचा, म्हणजे गोळ्यांनी पदार्थ दळणाऱ्या यंत्राचा, नाद सोडा. गुळाची ढेप फोडल्यासारखे लहानमोठे, वेडेवाकडे कण मिळतील, आणि इथे सगळा खेळ आकारमानाचाच. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) दृश्य प्रकाशात 4च्या आसपास असतो, म्हणून साधारण 100 नॅनोमीटरचा गोल कण निळा प्रकाश जोरात विखुरतो, 200च्या जवळपासचा तांबडा.

सिलिकॉन वेफरचा (पातळ चकतीचा) तुकडा पाण्यात ठेवून त्यावर स्पंदित लेसर मारा, गोल कण सुटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये साखरेच्या कमी-जास्त घट्ट द्रावणाच्या थरांतून ते आकारानुसार वेगळे करा. (साखरेला कोल्हापुरात तोटा नाही!) ट्रायसिलेन या द्रवापासून कण जास्त एकसारखे होतात, पण तो हवेत आपोआप पेटतो, कॉलेजच्या लॅबमध्ये नकोच.

डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाची (काळ्या पार्श्वभूमीवर कणांनी विखुरलेला प्रकाशच दाखवणाऱ्या) चौकशी शिवाजी विद्यापीठात करून बघा. कणाच्या रंगावरून आकाराचा अंदाज लगेच येतो.