गोव्यासारख्या श्रीमंत राज्यातही माणसं गरीब का राहतात? परिस्थितीमुळे की सवयींमुळे?

प्रश्नाखाली तुम्ही स्वतःचं मतही लिहिलंय: दरडोई उत्पन्नात देशात इतक्या वर असलेल्या गोव्यात जो गरीब आहे तो आळसामुळे, दारूमुळे, नाहीतर हातात आलेला पैसा न सांभाळल्यामुळे. पुढे उपायही विचारलाय. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून बारा वर्षं ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले.

आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. 2011-12 मध्ये तेंडुलकर समितीच्या पद्धतीने, म्हणजे घरखर्चावरून, मोजलं तेव्हा गोव्यात दारिद्र्यरेषेखाली 5.09 टक्के लोक निघाले, देशात 21.92 टक्के. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत 2019-21 ला गोवा 0.84 टक्क्यांवर आहे. या मोजणीत घरात वीज, गॅस, संडास आहे का, मुलं शाळेत जातात का, असं बघतात. आमच्याकडे हे सगळं होतं, वर दारात दोन ट्रक. आणि त्याच घरात 2013 च्या पावसाळ्यात आई पेजेबरोबर लोणच्याची एक फोड आम्हा दोघा भावंडांत वाटून देत होती.

आमचा गाव डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात. आजोबा कूळ. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या कागदावर, कब्जेदार म्हणून भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं नाव, कुळाच्या रकान्यात आमचं. 1976 च्या दुरुस्तीने कसणाराच मालक झाला, पण तो हक्क कागदावर आपल्या नावाने करून घ्यायचा तर मामलेदाराकडे खेपा घालाव्या लागतात. बाबांची तारीख अजून पडतेच आहे. त्या शेतावर कर्ज मागायला ते गेले तेव्हा बँकेने उतारा बघून परत पाठवलं. ट्रकसाठी मात्र त्याच बँकेने पंधरा दिवसांत कर्ज दिलं, कारण तारण म्हणून ट्रक होताच आणि खाणीवर काम ठरलेलं होतं.

शेत का सोडलं, असं मामा विचारतात. शेत आम्ही सोडलं नाही, तेच गेलं. पावसात डंपावरची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरची, तांबडी माती ओहोळातून खाली यायची आणि कुणग्यांत, म्हणजे भातशेताच्या तुकड्यांत, बसायची. वाळली की खापरासारखी कडक, पाय ठेवला की कडकड फुटायची. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला, तिथलं पाणी रात्रंदिवस उपसत होते, आणि आमची बावडी फेब्रुवारीतच कोरडी पडायला लागली. मग वायंगण, म्हणजे पाण्यावरचं उन्हाळी पीक, कुठून करणार? आधी ते बंद झालं, पाठोपाठ सरद, म्हणजे पावसाळी भातही.

2008 मध्ये बाबांनी पहिला ट्रक घेतला. जामीन मामा राहिले. चीन मिळेल तो ओर, म्हणजे कच्चं लोहखनिज, उचलत होता, आमच्याकडचा हलक्या प्रतीचासुद्धा. 2010-11 ला गोव्यातून 5 कोटी टनांवर माल बाहेर गेला. आमचा ट्रक खाणीवरून जेटीपर्यंत चालायचा. तिथून माल बार्जमध्ये पडून मांडवीतून मुरगावच्या बंदराकडे जायचा. गावात त्या काळी प्रत्येक दुसऱ्या घरासमोर ट्रक होता. गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा, सगळे त्याच रस्त्यावर जगत होते.

आता बाबांच्या वहीबद्दल सांगते. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. रोजच्या रोज तारीख, वजनाच्या पावतीचा नंबर, टन, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, आणि शेवटच्या रकान्यात 'बाजूला'. खाणी पावसात बंद असतात, पण हप्ता बारा महिने भरावा लागतो. म्हणून ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला ते पोस्टात पैसे टाकायचे, जून ते सप्टेंबरचे हप्ते भरायला. चार वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. 'भावोजींना पैसा पचला नाही' असं लग्नाकार्यात चारचौघांत म्हणणाऱ्या मामांनी ही वही कधी उघडून बघितली नाही.

2012 च्या 7 सप्टेंबरला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला. 10 तारखेला राज्य सरकारने खाणी बंद केल्या, 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती 19 सप्टेंबरला. पोस्टातले पैसे नेमके त्या महिन्यात संपतात, कारण पुढच्या महिन्यात सीझन सुरू व्हायचा असतो. त्या वर्षी आईने पहिल्यांदा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या छताचं, सामान विकायला नेलं. पहाटे रानात जाऊन कांगलां, घागऱ्या, आंबाडे काढले, गोणीत भरले आणि म्हापशाच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसली. बाजारात मामी भेटल्या. त्यांनी भाव केला आणि दहा रुपये कमी दिले. आई हे अजून सांगत नाही, मी बाजूला बसले होते म्हणून मला माहीत.

'ट्रक विकून मोकळं व्हायचं होतं' हे मामांचं दुसरं वाक्य. कोणाला विकायचा? एकाच दिवशी सगळ्या तालुक्याचे ट्रक विकायला निघाले होते. दोन ट्रकांचा हप्ता महिना चोपन्न हजार होता, आणि गिऱ्हाईक येऊन एका ट्रकचे दीड लाख सांगून गेलं. दारात ट्रक उभे म्हणून सरकारी यादीत आम्ही गरीब नव्हतो, आणि ते चालत नव्हते म्हणून घरात पैसा नव्हता. पुढे एकाच्या टायरमधली हवा गेली, बॅटरी गेली, आणि आईने त्यावर घोसाळ्याचा वेल चढवला. मांडव घालायला बांबू विकत आणायला नकोत म्हणून. 2016 ला तो भंगारात गेला तेव्हा आधी कोयतीने वेल तोडावा लागला.

तुम्ही परिणाम विचारले नाहीत, पण कारणं आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. बाबा ब्लडप्रेशरची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले, आम्हाला न सांगता. 2015 ला उजवी बाजू गेली. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, उपचार फुकट झाले, ते मी उपकारासारखं मानते. पण भाऊ तेव्हा वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता. सहा आठवडे बाबांजवळ राहिला, आणि परत गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागला होता. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एक वर्ष कॉलेज सोडून म्हापशाला कापडाच्या दुकानात उभी राहिले. आता सांगा, यात आळस कुठल्या दिवशी केला?

दारूचंही खरं सांगते. आमच्या वाड्यावर दारू वाढली, नाकारत नाही. पण 2012 च्या आधी हीच माणसं पहाटे चारला ट्रक धुऊन लाइनीत लागायची. आधी काम गेलं, मग बाटली आली. हा क्रम उलटा सांगणाऱ्याचा मला राग येतो.

बाबांची चूक मी लपवत नाही. दुसरा ट्रक 2011 मध्ये घेतला तो चूकच होता. आई नको म्हणाली होती. एकाच ट्रकवर थांबलो असतो तर कदाचित तरलो असतो. आणि खाणी बंद झाल्या त्यात सगळा अन्यायच झाला असंही मी म्हणणार नाही. ज्या मातीने आमचं शेत बुडवलं ती त्याच खाणींची होती. शहा आयोगाने सरकारच्या 35,000 कोटींच्या नुकसानीचा अंदाज मांडला. ते पैसे ट्रकवाल्यांनी खाल्ले नव्हते, पण रस्त्यावर पहिल्यांदा ट्रकवालेच आले. 2014 ला न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, 2018 ला खाणींची 88 लीज रद्द झाली आणि पुन्हा सगळं थांबलं. 2022 च्या शेवटी लिलाव सुरू झाले तोवर आमच्याकडे ट्रकच उरला नव्हता.

उपायाचं म्हणाल तर मी अर्थतज्ज्ञ नाही. डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगते. शेताचा कागद बाबांच्या नावावर असता तर ट्रकवर सगळा भार पडला नसता. अख्खा तालुका एकाच धंद्यावर उभा करू नये. आणि धंदा बंद करायचा ठरलं तर हप्ते त्याच दिवशी थांबवावेत, पुढच्या योजनेची वाट बघत बसायला लावू नये.

तुमचा कोणी नातेवाईक अडचणीत असेल तर जामीन राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. राहिलात आणि पैसे गेले तर पैसे मागा, तो तुमचा हक्क आहे. मामांच्या पगारातून दोन लाख चाळीस हजार कापले गेले, ते मी आणि भावाने 2019 पर्यंत पै न् पै परत केले. ज्यांचा पगार तीस वर्षं एक तारखेला येत राहिला त्यांनी त्यानंतर तरी माझ्या बाबांची अक्कल काढायला नको होती. निळी वही माझ्या कपाटात आहे. मामांनी कधीही यावं, मी पानं उलटून दाखवीन.