वर्तुळ असलेला स्वीडिश 'ए' कसा टाइप करावा आणि कधी कधी त्याच्या जागी दोन भलतीच चिन्हे का दिसतात?

विंडोजमध्ये ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०२२९ टाइप केल्यास लहान लिपीतला वर्तुळवाला 'ए' उमटतो, तर मोठ्या लिपीसाठी ०१९७ लागतो. मॅकवर ऑप्शन आणि 'ए' या कळा एकत्र दाबल्या की पुरते. नेहमीच लिहायचे असेल तर स्वीडिश कळफलक जोडून घेणेच सोयीचे.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ संकेतनात, म्हणजे अक्षरे क्रमांकांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत आहे. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत या अक्षराचा क्रमांक २२९ असून तो साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत तो १९५ आणि १६५ अशा दोन बाइटांत साठवला जातो. जुन्या लॅटिन-१ संकेतनात मात्र प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर असल्यामुळे, चुकीच्या संकेतनाने वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे नागमोडी रेघ असलेला 'ए' आणि जपानी येनचे चिन्ह दिसते.

त्याआधीच्या सात-बिटी काळात, म्हणजे फक्त १२८ क्रमांक उपलब्ध असताना, तर स्वीडनमध्ये अशी खास अक्षरे चौकटी व महिरपी कंसांच्या क्रमांकांवर बसवली होती, त्यामुळे सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये कंसांऐवजी चक्क स्वर दिसत. प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चालत असे, कारण संगणकाला केवळ क्रमांकाशी देणेघेणे असते.