आईला किडनी दिल्यावर भावाला उरलेली एक पुरेल का?
तपासण्या करूनच दाता ठरवला असेल तर बहुतेक वेळा पुरते. उरलेली किडनी काही दिवसांतच जादा काम उचलते, हळूहळू आकारानेही वाढते. दोन्ही मिळून जेवढं रक्त गाळत होत्या, त्याच्या साधारण ६० ते ७० टक्के ती एकटी गाळते. नवे नेफ्रॉन (किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या) तयार होत नाहीत, आहेत तेच मोठे होतात. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) आधीपेक्षा थोडं जास्तच दिसणार. रिपोर्ट बघून लगेच घाबरू नका. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक २०१० पर्यंत जगले!

दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाणं मात्र कायमचं बंद.