कोबीवरची अळी शेजारच्या मिरचीला का शिवत नाही?

प्रश्न : आमचं कडोलीला रान आहे. अळीनं कोबीच्या पानांची पार चाळण केली पण शेजारच्याच वाफ्यातल्या मिरचीला ती तोंड लावत नाही. अळीला चव कळते काय? आणि निंबोळी अर्क मारला तर अळ्या मेल्या नाहीत, नुसत्या बसून आहेत, मग अर्क वाया गेला म्हणायचा काय?
– एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : कळते की, चांगलीच कळते. जीभ नसते तिला, पण तोंडाच्या खालच्या अंगाला दोन्हीकडं दोन-दोन बारीक खुंट असतात, मायक्रोस्कोपशिवाय दिसायचे नाहीत, आणि एकेका खुंटात चव घेणाऱ्या चार पेशी, कुठली गोडाला जागी होते कुठली कडूला. पान चावलं की रस तिथं लागतो आणि खायचं का सोडायचं ते ठरतं. अमेरिकेत तंबाखूवरच्या अळीचे (आपल्या निपाणीकडची नव्हे, ती वेगळी) हे अवयव काढून बघितले, तर एरवी नको असलेली झाडंपण ती खायला लागली!

कोबी, मोहरी, मुळा, नवलकोल ह्या सगळ्या खानदानात ग्लुकोसिनोलेट नावाची तिखट द्रव्यं असतात, मोहरी फेसली की नाकात जातो तो झणका त्यातलाच. झाडानं ते ठेवलंय किडी हाकलायला आणि बऱ्याच किडी पळतातही, पण तुमची ती बारीक हिरवी अळी, हात लावला की वळवळत धाग्याला लोंबकळते तीच ना, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची, ती नेमकी ह्याच चवीवर जेवायला बसते आणि तिच्या पोटातलं एन्झाइम झणका तयारच होऊ देत नाही. 1910 मध्ये फेरशाफेल्ट ह्या डच शास्त्रज्ञानं कोबीवरच्याच दुसऱ्या जातीच्या अळ्यांना नावडत्या पानांवर हे द्रव्य फासून दिलं, तर त्यांनी ती पानं खाल्ली. मिरचीत ते नाही म्हणून मिरची सुटली, तिच्या वाट्याला थ्रिप्स (फुलकिडे) आहेतच म्हणा.

अर्क वाया गेलेला नाही. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन कडूच्या पेशी चाळवतं, अळी खाणं सोडते, आणि पोटात गेलंच तर कात टाकताना अडकते. मरायला वेळ लागतो, म्हणून लगेच दुकानात जाऊन जहाल काहीतरी आणू नका. 5 टक्के अर्क, संध्याकाळी, पानाच्या खालून मारा, उन्हात तो टिकत नाही.

पुढच्या लावणीला कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी घ्या, एक कोबीच्या 15 दिवस आधी, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी. पतंग अंडी घालायला मोहरीवर जातात. फक्त त्या मोहरीवर फवारायचं विसरलात तर तिथंच पैदास होऊन सगळी कोबीवर येईल.