स्कोमर बेटावर पफिन बघायला एक दिवस पुरेल की मुक्काम करावा?

वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या या बेटावर नुसते पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षीच बघायचे असतील तर एक दिवस पुरतो. मे ते जुलैच्या मध्यापर्यंत जा. ऑगस्ट उजाडला की ते समुद्रावर निघून गेलेले असतात. मार्टिन्स हेवनहून लाँच सुटते, सोमवारी सहसा बंद असते. दिवसाला २५० च्या आसपासच माणसं सोडतात, म्हणून बुकिंग आधीच करा. द विक नावाच्या कड्यापाशी पफिन अगदी पायांत येतात. चोचीत मासे घेऊन ते बिळाकडे धावत असतात, तेव्हा वाट अडवू नका.

पण मुक्काम मिळत असेल तर सोडू नका. मी कार्डिफला राहतो. आधी दोनदा दिवसाची फेरी करून आलो आणि बेट पाहिलं असं समजत होतो. तिसऱ्यांदा राहिलो तेव्हा कळलं की या बेटाचे खरे धनी मँक्स शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी आहेत. २०१८ च्या गणनेत त्यांच्या साधारण साडेतीन लाख जोड्या भरल्या, आणि दिवसा त्यातला एकही जमिनीवर दिसत नाही! पाय शरीराच्या पार मागे असल्यामुळे त्यांना धड चालता येत नाही, उजेडात उतरले तर गल नावाचे मोठे समुद्रपक्षी त्यांना फाडून खातात. म्हणून ते गडद अंधार पडल्यावरच येतात. गळा दाबलेल्या कोंबड्यासारखा आवाज आकाशातूनही येतो आणि पायाखालच्या बिळांतूनही. हाच पक्षी हिवाळ्याला अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापर्यंत जातो. १९५२ साली शेजारच्या स्कोकहोम बेटावरचा एक पक्षी बोस्टनला नेऊन सोडला होता. तो साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परत आला. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र मागाहून पोचलं.

एवढे पक्षी इथे टिकले, कारण ज्यांना इथे रॅट म्हणतात ते मोठे उंदीर बेटावर कधी पोचले नाहीत. एखादी गाभण मादी कुणाच्या पिशवीतून उतरली तरी अंडी-पिल्लांची दैना होईल. म्हणून सामान नीट तपासून, बंद डब्यांत भरून न्या. पायवाट तर अजिबात सोडू नका, बाजूची जमीन आतून पोखरलेली आहे. पाय खचला तर खाली पिल्लू असतं, आणि एका जोडीचं वर्षाला अंडं एकच.

राहायची सोय जुन्या शेतघरात, जेमतेम १६ जणांची. शिधा आणि स्लीपिंग बॅग आपली. आम्ही मेतकूट-भात केला होता. तारीख अमावास्येच्या आसपासची निवडा, चांदण्यात पक्षी फार उतरत नाहीत. लाल उजेडाची बॅटरी हवीच. परतताना ती जमिनीवर धरून सावकाश चाला, पक्षी वाटेतच बसलेले असतात.